तापीकाठी एका नावाचा शोध

सुरतेहून उत्तरेस बडोद्याकडे निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते आणि मग उत्राण व कोसाड ही दोन लहान स्थानके एकामागून एक येतात. जलद गाड्या येथे थांबत नाहीत. सकाळ-संध्याकाळ धावणाऱ्या लोकल गाड्यांतून मात्र डबे सांभाळणारे कामगार, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली आणि भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया येथे चढतात-उतरतात. उत्राणच्या वीजकेंद्राचा उंच मनोरा ही या भागाची जुनी खूण होती. मार्च २०२३ मध्ये तो सुरुंग लावून पाडण्यात आला, आणि वाटसरूला दुरूनच ‘आता आपण आलो’ असे सांगणारी वस्तू राहिली नाही.

कोसाड हे मूळचे खेडे. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली आणि आसपासच्या गावांबरोबर तेही शहरात आले. पुढे महानगरपालिकेने येथे गरिबांसाठी घरांची मोठी वसाहत उभी केली. शहरातील झोपडवस्त्यांतून उठविलेली कितीतरी कुटुंबे येथे आणून वसविण्यात आली. एकसारख्या इमारतींच्या रांगा, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, तळमजल्यावर किराण्याचे किंवा शिवणकामाचे दुकान असे तेथील दृश्य आहे. गुजराती, हिंदी आणि उडिया यांच्या जोडीला मराठीही येथे सहज कानी पडते. सुरतेतील मराठी मंडळींची मुख्य वस्ती उधना आणि लिंबायत या बाजूस आहे, हे खरे. मागावर काम करण्यासाठी खानदेशातून आलेली ही कुटुंबे आता तिसऱ्या पिढीत पोचली आहेत. तरीही शहराच्या या टोकाला जळगाव-धुळ्याकडची बोली ऐकली की आम्हांस आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० या सालांची आठवण होते. आमच्या मनात या प्रवासात मात्र १९९४ हे साल होते. कोसाडहून अमरोलीमार्गे तापीच्या पुलावर आले की पलीकडच्या काठाला कतारगाम लागते आणि तेथून जवळच वेड रोडचा भाग आहे. हिरे घासणाऱ्यांच्या आणि मागवाल्यांच्या याच दाट वस्तीतून त्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिले रुग्ण आले, आणि चार दिवसांत सुरतेचे नाव जगभर गेले. जे नाव जगभर गेले ते रोगाचे होते. ते नाव खरे होते की खोटे, हे ठरावयास मात्र पुढे पुष्कळ काळ जावा लागला. त्या नावाच्या शोधाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या हकीकतीचा आरंभ महाराष्ट्रात होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या पावसाळ्यात, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावी उंदीर पडू लागले, घराघरांत पिसवांचा उपद्रव वाढला आणि काही माणसांच्या जांघेत व काखेत गाठी आल्या. भूकंपाने ओस पडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले असावेत, असा तर्क पुढे करण्यात आला. उंदीर पडणे आणि गाठ येणे या दोन गोष्टींचा अर्थ जुन्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. १८९६-९७ चा प्लेग आपल्या आजी-पणजींच्या बोलण्यात कित्येक वर्षे जिवंत होता. घर सोडून माळावर झोपडीत राहावयास जाणे, सोजिरांच्या तपासण्या, रँडसाहेबाचा खून, आणि रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले, हे सारे त्याच एका रोगाच्या छायेत घडले.

त्यावेळीही रोगाच्या नावावरून वाद झाला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याकडचे डॉक्टर आकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले, तेव्हा प्रथम त्यांच्यावर कोणी सहजासहजी विश्वास ठेवला नाही. तज्ज्ञांनी तपासणी केल्यावर त्यांचे म्हणणे खरे ठरले. मग हाफकिन मुंबईस आले. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था हे त्या कामाचेच स्मारक होय. त्याही आधी, जून १८९४ मध्ये हाँगकाँग येथे यर्सिन आणि किटासाटो या दोघांनी काही दिवसांच्या अंतराने या रोगाचा जंतू पाहिला. किटासाटो यांच्या नमुन्यात दुसरा कोणता जंतू मिसळला होता की काय, याविषयी पुढे दीर्घ काळ चर्चा चालली. अखेर जंतूला यर्सिन यांचे नाव मिळाले व तो ‘यर्सिनिया पेस्टिस’ झाला. सुरतेची साथ त्या शोधानंतर बरोबर शंभर वर्षांनी आली, हा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

१९९४ च्या पावसाळ्यात तापीला पूर आला होता. पाणी ओसरल्यावर सखल वस्त्यांत चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे राहिली. भाद्रपदातील गणपती विसर्जित होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच ताप, छातीत दुखणे आणि रक्तमिश्रित बेडका अशी लक्षणे असलेले तरुण रुग्ण इस्पितळांत येऊ लागले. काही जण आल्यावर काही तासांतच दगावले. २१ सप्टेंबरच्या सुमारास ‘प्लेग’ हा शब्द उच्चारला गेला. तो फुफ्फुसाचा प्लेग, म्हणजे खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जाणारा. त्यावर पहिल्या चोवीस तासांत योग्य औषध मिळाले नाही तर रुग्ण वाचणे कठीण. शब्द फुटला आणि शहर रिकामे होऊ लागले. काही लाख माणसे मिळेल त्या वाहनाने बाहेर पडली. दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या नाहीशा झाल्या. कित्येक खासगी दवाखान्यांना कुलुपे लागली. तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या माणसांनी लोंबकळत गेल्या. मुंबईसह अनेक स्थानकांवर सुरतेच्या प्रवाशांना थांबवून तपासण्यात येऊ लागले.

कोसाडच्या वसाहतीत आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरच्या आजी तेव्हा वेड रोडवर राहत होत्या. त्यांना आम्ही त्या दिवसांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “आजार कोणता ते कुणी धड सांगेना, आणि गाडीत पाय ठेवायला जागा मिळेना. धाकटा पोटाशी, मोठ्याचा हात धरलेला. गावी गेलो तर गाववाले म्हणाले, आधी आठ दिवस मळ्यात राहा.” त्यांच्या बोलण्यात कोणाविषयी राग नव्हता. कोणता आजार, हे धड न सांगता येण्याची किंमत मात्र त्या एका वाक्यात आली होती.

हे सांगणे इतके अवघड का होते? त्यासाठी त्या जंतूच्या घराण्याची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. प्लेगच्या जंतूला एक सख्खी बहीण आहे. तिचे नाव ‘यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस’. जनावरांच्या शरीरात ती क्षयासारख्या गाठी करते म्हणून तिला हे लांबलचक नाव पडले. माणसात ती बहुधा दूषित अन्नातून येते, ताप आणते, उजव्या कुशीत असे दुखविते की अपेंडिक्सच सुजले असे वाटावे, आणि पुष्कळदा आपोआप बरी होते. घराणे एक, आनुवंशिक द्रव्य बव्हंशी एक. स्वभाव मात्र एकीचा त्रासदायक आणि दुसरीचा प्राणघातक. प्लेगचा जंतू या बहिणीच्याच वंशातून निघाला, असे शास्त्रज्ञ मानतात. मानवी अवशेषांत त्याचा माग निदान पाच हजार वर्षे मागे लागला आहे. म्हणजे जंतूंच्या कालगणनेत ही बहीण कालपरवाच वेगळी झाली.

सूक्ष्मदर्शकाखाली दोघी जवळजवळ सारख्याच दिसतात. प्लेगचा जंतू विशिष्ट रंगाने रंगविला म्हणजे त्याची दोन्ही टोके गडद आणि मध्य फिका दिसतो. मिटलेल्या सेफ्टी पिनसारखे हे रूप पाठ्यपुस्तकांत प्रसिद्ध आहे. पण असे रूप इतरही काही जंतू धारण करतात. काचपट्टीवर पिन दिसली म्हणजे संशय बळावतो. तेवढ्याने निकाल होत नाही. निकालासाठी जंतू वाढवून त्याची परीक्षा घ्यावी लागते.

ही परीक्षा कशी घेतात ते प्रत्यक्ष पाहावे म्हणून आम्ही सुरतेतील एका लहान प्रयोगशाळेत गेलो. प्लेगचा जंतू तेथे असणे शक्य नव्हते आणि नव्हताही. त्याला हात लावण्याचा अधिकार निवडक, बंदिस्त प्रयोगशाळांनाच असतो. तेथील डॉक्टरीणबाईंनी आम्हांस रोजच्या कामातील दोन सामान्य जंतू घेऊन रीत समजावून दिली. एका रॅकमध्ये चार परीक्षानळ्या होत्या. पहिल्या जोडीत युरिया घातलेले आगर होते. एका नळीत क्लेब्सिएला लावला होता. ती गुलाबी झाली होती. दुसरीत ई-कोलाय होता. ती होती तशीच पिवळट राहिली होती. “युरिया फोडणारे द्रव्य ज्याच्यापाशी आहे तो नळी गुलाबी करतो, नाही तो करीत नाही,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या जोडीत मऊ आगर होते व त्यात सुईने जंतू टोचला होता. क्लेब्सिएला सुईच्या रेघेवरच उगवला होता, कारण तो हलू शकत नाही. ई-कोलाय रेघ सोडून दोहों बाजूंना पसरला होता आणि सारी नळी गढूळ दिसत होती.

“आता या दोन बहिणींना याच नळ्यांत घाला,” बाई पुढे म्हणाल्या. “स्यूडोट्युबरक्युलोसिस युरियाची नळी गुलाबी करील. आणि मऊ आगरात ती पंचवीस अंशांच्या गारव्यात पसरेल, पण सदतीस अंशांना, म्हणजे आपल्या अंगातल्या उष्णतेला, गप्प बसेल. प्लेगचा जंतू युरियाची नळी पालटणार नाही आणि दोन्ही उष्णतामानांत रेघ सोडणार नाही. ऱ्हॅम्नोज नावाची साखर बहीण खाते, तो खात नाही.” आम्ही विचारले, “मग यात कठीण ते काय?” त्या हसल्या. “कठीण एवढेच, की प्लेगचा जंतू फार सावकाश वाढतो. त्याला अठ्ठावीस अंशांच्या आसपासची उष्णता मानवते. आमच्या पेट्या सदतिसावर लावलेल्या. चोवीस तासांनी ताटलीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. घाईत असलेला माणूस ते पाहणारही नाही, आणि तोवर शेजारचे दांडगे जंतू ताटली व्यापून टाकतात. शिवाय रुग्णाने आधीच गोळ्या घेतलेल्या असल्या तर काहीच उगवत नाही.”

या सगळ्या चाचण्यांत आम्हांस एक गोष्ट विशेष वाटली. प्लेगच्या जंतूची ओळख पुष्कळशी त्याला काय येत नाही यावरून होते. त्याला युरिया फोडता येत नाही, हालचाल करता येत नाही, अमुक साखर खाता येत नाही. अलीकडे या जंतूची संपूर्ण आनुवंशिक लिपी वाचली गेली तेव्हा यामागचे कारण उमगले. युरिया फोडण्याची सामग्री त्याच्यापाशी आजही आहे. पण तिच्या आज्ञेत एक अक्षर जादा पडल्याने ती निकामी झाली आहे. हालचालीचेही तसेच. जुन्या वाड्यात दिवाणखाना असावा आणि त्याला कायमचे कुलूप पडलेले असावे, तशी ही स्थिती. आणि हे नुकसानच त्याच्या पथ्यावर पडले आहे. बहिणीच्या अंगचे युरिया फोडणारे द्रव्य पिसवांना मारक ठरते. ते बंद पडल्यामुळे प्लेगचा जंतू पिसवेच्या पोटात सुखाने राहू शकला, आणि उंदरावरून माणसावर येण्याचे वाहन त्याला मिळाले. नळी गुलाबी न होणे ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट; तिच्या मागे असा इतिहास आहे.

आता पुन्हा १९९४ कडे वळू. भारतात माणसाला प्लेग झाल्याची नोंद १९६६ नंतर नव्हती. अठ्ठावीस वर्षे ज्या पाहुण्याने दार ठोठावले नाही त्याच्यासाठी कोण दिवा लावून बसणार? ओळखीसाठी लागणारी द्रव्ये, तो जंतू पूर्वी हाताळलेले हात आणि बंदिस्त खोल्या फार थोड्या ठिकाणी उरल्या होत्या. त्यामुळे पहिल्या दिवसांतील निदान बव्हंशी लक्षणांवर, काचपट्टीवरील दुटोकी रूपावर आणि रक्तातील प्रतिद्रव्यांच्या चाचण्यांवर उभे होते. प्रतिद्रव्यांचा पुरावा भक्कम व्हावयाचा तर एकाच रुग्णाचे रक्त काही दिवसांच्या अंतराने दोनदा घेऊन त्यातील वाढ दाखवावी लागते. ज्या शहरातून रुग्णही पळून जात होते तेथे दुसऱ्यांदा रक्त कोणाचे आणि कोठून घ्यावयाचे?

या फटीतून शंका शिरल्या. काही नामवंत वैद्यांनी व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी विचारले की हा खरोखरीच प्लेग आहे काय? पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरा, मातीतील जंतूपासून होणारा मेलिऑयडोसिस, एखादा विषाणू किंवा प्लेगच्या बहिणीसारखा कोणी नातलग, अशी अनेक नावे पुढे आली. शंका घेणाऱ्यांना दोष देता येणार नाही. शास्त्रात शंका घेणे हे कर्तव्यच आहे. पण तोवर जगाने निकाल लावून टाकला होता. अनेक देशांनी भारताची विमाने थांबविली, माल नाकारला. जागतिक आरोग्य संघटनेचे पथक ऑक्टोबरात येऊन पाहणी करून गेले. देशभरातून त्या संघटनेकडे कळविलेल्या संशयित रुग्णांचा आकडा ८७६ आणि मृत्यूंचा ५४ होता. ज्या रोगाने या देशात विसाव्या शतकाच्या आरंभी एकेका वर्षात लक्षावधी बळी घेतले, त्याच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण या ५४ जणांच्या घरच्यांना ते सांगण्याचे धारिष्ट कोणी करू नये.

नावाचा निकाल अखेर नळ्यांनी व ताटल्यांनीच लावला. केंद्र सरकारने प्राध्यापक रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था, दिल्लीचीच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांचे गाव असलेल्या ग्वाल्हेरची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा येथे सुरत व बीड येथील रुग्णांच्या नमुन्यांतून मिळविलेल्या जंतूंची परीक्षा झाली. प्लेगच्या जंतूपाशी दोन छोटी आनुवंशिक वर्तुळे अशी असतात की जी बहिणीपाशी नसतात. त्यांतील एकावर त्याच्या अंगावरील वेष्टणाच्या प्रथिनाची आज्ञा असते. ती वर्तुळे या जंतूंत आढळली. १९९६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २००० साली हैदराबादच्या पेशी व रेणु-जीवशास्त्र केंद्राने आनुवंशिक लिपीच्या आधारे तोच निर्णय दिला. सुरतेत आणि बीडमध्ये आला तो प्लेगच होता. नाव खरे होते. पण ते सिद्ध होईतो सुरतेची माणसे केव्हाच घरी परतली होती, माग पुन्हा सुरू झाले होते, आणि जगाचे लक्ष दुसरीकडे गेले होते.

येथे एक प्रश्न मनात येतो. दोघी इतक्या सारख्या आहेत, तर त्यांना एकच नाव का देऊ नये? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला होता. आनुवंशिक द्रव्याची तुलना करून १९८० च्या सुमारास असा प्रस्ताव आला की प्लेगचा जंतू ही स्यूडोट्युबरक्युलोसिसचीच एक पोटजात मानावी. वंशावळीच्या दृष्टीने प्रस्ताव बरोबर होता. पण १९८५ मध्ये जंतूंच्या नामकरणाचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ते नाव फेटाळले. त्यामागील विचार सरळ होता. प्रयोगशाळेतून निघालेल्या चिठ्ठीवर सौम्य बहिणीचे नाव आधी आले, तर वाचणारा बेसावध राहील, आणि त्या बेसावधपणाची किंमत माणसाच्या जिवाने द्यावी लागेल. वंशावळ काहीही सांगो, माणसाला धोका होईल असे नाव ठेवावयाचे नाही, असा तो निर्णय. शास्त्राने माणुसकीला मान दिल्याचे असे उदाहरण विरळाच.

हा धोका यंत्रयुगातही संपलेला नाही. हल्ली मोठ्या प्रयोगशाळांत लेसर किरणांच्या साहाय्याने जंतूतील प्रथिनांचे वजन मोजून काही मिनिटांत नाव सांगणारी यंत्रे आली आहेत. त्यांचे काम खरोखर थक्क करणारे आहे. पण यंत्र आपल्या वहीत लिहिलेलीच नावे सांगते. नेहमीच्या वह्यांत प्लेगचा जंतू घातलेला नसला, तर यंत्र त्याला सर्वांत जवळचे नाव देऊन मोकळे होते, आणि ते नाव त्याच्या सौम्य बहिणीचे असते. अशा वेळी ताटलीवरचे ठिपके फार सावकाश वाढत आहेत, युरियाची नळी गुलाबी झालेली नाही, एवढे पाहून थबकणारा माणूस तेथे असावा लागतो.

सुरतेच्या अनुभवातून देश काही शिकला, असे म्हणावयास आधार आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचलातील हाटकोटी येथे फुफ्फुसाचा प्लेग आला. १६ जण आजारी पडले, ४ दगावले. २००४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातील डांगुड गावी गाठीच्या प्लेगचे ८ रुग्ण झाले, ३ मृत्यू पावले. दोन्ही वेळा रोगाचे नाव दिल्लीच्या प्रयोगशाळेने निश्चित केले, साथ जागच्या जागी थांबली, आणि पुष्कळ वाचकांच्या कानी त्यांची वार्ताही आली नसेल. साथीची वार्ता न होणे हेच तिच्या नियंत्रणाचे उत्तम प्रमाणपत्र होय. खुद्द सुरतेने तर आपले रूपच पालटले. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या काळात कचरा, गटारे आणि उपाहारगृहे यांकडे करडी नजर वळली, आणि प्लेगचे शहर म्हणून हिणविले गेलेले शहर स्वच्छतेसाठी नावाजले जाऊ लागले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरबरोबर सुरतही देशात पहिली आली. इंदूरच्या आमच्या वाचकांना ही भागीदारी आनंदाने मान्य होईल, अशी आशा आहे.

कतारगामहून वेड रोडने फिरताना आज त्या दिवसांची खूण कोठेही दिसत नाही. कारखान्यांतून घासणीच्या चाकांचा आवाज येतो, चहाच्या टपरीवर तरुण हिरेकारागीर भिंगातून काहीतरी पाहत असतात. खडा खरा की खोटा, हे ओळखण्यावर या वस्तीचे पोट आहे. त्याच वस्तीवर एका जंतूचे खरे नाव वेळेवर न कळण्याची पाळी यावी, हे आम्हांस चटका लावून गेले.

या साऱ्या हकीकतीतून आम्हांस जे उमगले ते थोडक्यात सांगतो. रोगाच्या बाबतीत दोन कर्तव्ये असतात आणि त्यांची घड्याळे वेगळी असतात. औषध संशयावर द्यावे लागते. फुफ्फुसाच्या प्लेगचा रुग्ण ताटलीवर ठिपके उगवेपर्यंत थांबू शकत नाही, आणि साध्या न्यूमोनियावर चालणारे पेनिसिलिन या जंतूवर चालत नाही. सुरतेतील साथ पंधरा दिवसांत ओसरली, त्याचे बरेचसे श्रेय नावाची वाट न पाहता वाटलेल्या गोळ्यांना आहे. नाव मात्र पुराव्यावरच ठेवावे लागते, आणि तो पुरावा गोळा करण्याची तयारी साथ येण्यापूर्वी, शांततेच्या वर्षांत करून ठेवावी लागते. १९९४ मध्ये औषध मिळाले. नावाची तयारी नव्हती. त्या उणिवेतून आजींच्या त्या गाडीतील गर्दी निर्माण झाली.

घरच्या माणसांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. ताप आला की आपल्याच विचाराने जंतुनाशक गोळ्या सुरू करू नयेत. डॉक्टरांनी रक्त किंवा बेडका तपासावयास सांगितले तर तो नमुना, शक्य असेल तेव्हा, पहिल्या गोळीच्या आधी द्यावा. आजार गंभीर असला तर मात्र औषधाला उशीर होऊ देऊ नये. ‘कल्चरचा अहवाल यावयास दोन-तीन दिवस लागतील’ असे प्रयोगशाळेने सांगितल्यास रागावू नये. जंतू आपल्या गतीने वाढतो, त्याला घाई माहीत नाही. घरात किंवा शेजारी उंदीर विनाकारण मरून पडू लागले तर ती गोष्ट केरात टाकण्याची नव्हे, आरोग्यखात्याला कळविण्याची आहे. आणि कोणत्याही रोगाचे नाव कानावर आले, तर ते पुढच्या घरी सांगण्यापूर्वी कोणी व कशावरून सांगितले, एवढे विचारावे.

मुलताईच्या डोंगरात उगम पावून, खानदेशातून वाहत येऊन तापी सुरतेशी समुद्राला मिळते. तिच्या काठाने आपली माणसे पोटासाठी येथवर आली, आणि १९९४ मध्ये तिच्याच काठाने जीव मुठीत धरून परत गेली. परत जाऊन पुन्हा येथेच आली, हेही खरे. आज त्यांची नातवंडे या शहरातील महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्यापैकी एखादी मुलगी उद्या प्रयोगशाळेच्या बाकावर बसेल, तिच्यापुढे न पालटलेली युरियाची एक नळी येईल, आणि ती नळी बाजूला न ठेवता दुसऱ्यांदा पाहील. तेवढे घडले तरी पुष्कळ झाले.